सिंहगडाच्या चढणीवर शरीर नेमके काय जाळते?

गडवाट

आतकरवाडीच्या वाटेने दर रविवारी सिंहगड चढण्याचा माझा क्रम निवृत्तीनंतर सुरू झाला आणि आता तो अंगवळणी पडला आहे. वाटेत दम खात बसलेल्या मंडळींची शास्त्रचर्चा आपोआप कानावर पडते. ‘पहिली वीस मिनिटे नुसती साखर जळते, चरबीला हात नंतर लागतो,’ असे एक जण सांगतो. ‘मांड्या भरून आल्या, लॅक्टिक ॲसिड साचले,’ असे दुसरा. अनेक वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवलेले असल्यामुळे मला गप्प बसवत नाही, पण चढावर वाद घालण्याइतका श्वासही उरत नाही. म्हणून हा धागा.

स्नायूला भाकरी, साखर, तूप यांतले काहीच थेट वापरता येत नाही. स्नायूतील प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकतात तेव्हा तो आखडतो, आणि त्या सरकण्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या एकाच रेणूच्या विघटनातून येते. गंमत अशी की या रेणूचा साठा शरीर जवळजवळ ठेवतच नाही. कोणत्याही क्षणी अंगात असलेले सगळे एटीपी एकत्र केले तरी ते पाव किलोच्या आतच भरेल, आणि पूर्ण जोराने धावायचे ठरवले तर स्नायूतील साठा दोन-तीन सेकंदांत संपावा इतका तो तुटपुंजा असतो. तरीही तो संपत नाही, कारण मोडलेले एटीपी त्याच जागी पुन्हा जोडले जाते. दिवसभरात अशी जोडणी इतक्या वेळा होते की तिची बेरीज माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या घरात जाते. स्नायूतील एटीपी खरोखरच संपले तर काय होते, हे मृत्यूनंतर ताठ होणाऱ्या शरीरात दिसते: तंतू एकमेकांना धरून बसतात आणि सुटत नाहीत. त्यामुळे जिवंत पेशी ही वेळ येऊच देत नाही, आणि थकून बसकण मारणाऱ्या धावपटूच्या स्नायूतही बरेचसे एटीपी शिल्लक असते.

ही जोडणी करण्याचे मार्ग तीन आहेत. स्नायूतच साठवलेले क्रिएटिन फॉस्फेट मोडलेल्या एटीपीला एका झटक्यात फॉस्फेट देऊन टाकते. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत आणि यकृतात साठवलेली पिष्टासारखी साखर, ऑक्सिजनवाचून अर्धवट मोडता येते. आणि तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्म भट्ट्यांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया), साखर व मेद दोन्ही ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण जाळता येतात. हा मार्ग संथ खरा, पण एका ग्लुकोजमागे अर्धवट मोडण्यातून जेथे २ एटीपी मिळतात तेथे येथे ३० च्या आसपास मिळतात. पुस्तकांत या मार्गांची आकृती पायऱ्यांसारखी काढलेली असते आणि विद्यार्थ्यांचा समज असा होतो की एक दिवा विझला की दुसरा लागतो. माझ्या मते बहुतेक गैरसमजांचे मूळ त्या आकृतीत आहे. पहिले पाऊल उचलल्या क्षणापासून तिन्ही मार्ग चालू असतात. बदलतो तो प्रत्येकाचा वाटा.

आतकरवाडीहून निघाल्यावर पहिल्याच चढाला सगळ्यांना धाप लागते आणि दहा-पंधरा मिनिटांनी तोच चढ सुसह्य वाटू लागतो, त्याचे कारण यातच आहे. हृदयाची गती, स्नायूंतील रक्तवाहिन्यांचा विस्तार आणि तंतुकणिकांचे काम मागणीच्या पातळीला येईपर्यंत दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळातली तूट क्रिएटिन फॉस्फेट आणि ग्लायकोजेन भरून काढतात. तरुण मंडळी तेवढ्यातच शर्यत लावतात आणि तूट वाढवून ठेवतात. पहिली पाच मिनिटे रमतगमत चालणे ही आळशीपणाची नव्हे, हिशोबाची गोष्ट आहे.

दोलक

हिशोबाचे नाव काढलेत, म्हणून एका निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षकाला राहवत नाही. पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंतची चढण सुमारे ६०० मीटर धरू आणि माणूस ७० किलोचा. वजन, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार सुमारे ४ लाख १२ हजार ज्यूल येतो, म्हणजे जेमतेम ९८ किलोकॅलरी. मुलांना हे गणित घातले की त्यांची निराशा होत असे, कारण एवढ्या घामाची किंमत एका केळ्याइतकी!

परंतु स्नायू हे यंत्र म्हणून फारसे काटकसरी नाही. जाळलेल्या ऊर्जेचा सुमारे एक चतुर्थांश ते एक पंचमांश भाग कामी येतो आणि बाकीची उष्णता होते. म्हणजे चढायला खर्च ४०० ते ५०० किलोकॅलरी. एक लिटर ऑक्सिजन वापरला की सुमारे ५ किलोकॅलरी मोकळ्या होतात, तेव्हा तासाभराच्या चढणीत शरीर ९० लिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरते. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि बाहेर सोडलेल्या हवेत सोळा-सतरा टक्के असतो. म्हणजे त्या ९० लिटरसाठी सुमारे २,००० लिटर हवा छातीतून आत-बाहेर करावी लागते. धाप लागते ती उगीच नाही.

उरलेल्या साडेतीनशे किलोकॅलरी उष्णतेचे काय करायचे, हा शरीरापुढचा दुसरा प्रश्न. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, म्हणजे ही सगळी उष्णता सहाशे मिलिलिटर घामात निघून जावी. अट एवढीच की घाम वाळला पाहिजे. पावसाळी दमट हवेत तो नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम उष्णता नेत नाही. ‘घाम जास्त, म्हणजे चरबी जास्त वितळली’ असे म्हणणाऱ्यांनी मुंबईत मे महिन्यात लोकलच्या गर्दीत उभे राहून बारीक व्हायला हरकत नव्हती.

चढउतार

दोलक सर, शेवटचे वाक्य वाचून हसलो, पण माझी शंका खरीखुरी आहे. व्यायामशाळेतल्या पट्ट्यावर ‘चरबी जाळण्याचा टप्पा’ असे लिहिलेले असते आणि तो हळू चालण्याच्या गतीला दाखवतात. मग गड चढण्यापेक्षा सपाटीवर सावकाश चालणे वजनासाठी चांगले, असे समजायचे का?

गडवाट

तो टप्पा खोटा नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. १९२० साली कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी व्यायाम करणाऱ्या माणसांच्या श्वासातील वायू मोजून साखर आणि मेद किती प्रमाणात जळतात हे पाहिले होते. सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि घेतलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर नुसती साखर जळत असेल तर १ येते आणि नुसता मेद जळत असेल तर ०.७. विश्रांतीत आणि संथ चालीत ते मेदाच्या बाजूला झुकते. वेग वाढवला की साखरेच्या बाजूला सरकते. म्हणजे ‘वीस मिनिटांनंतर चरबी’ हे तर मुळातच खरे नाही, कारण खुर्चीत बसून हा धागा वाचतानाही तुमचे शरीर बऱ्याच अंशी मेदच जाळत आहे.

पण गुणोत्तर म्हणजे वाटा, एकूण खर्च नव्हे. संथ चालीत वाटा मोठा असला तरी तो लहान खर्चाचा असतो. दर मिनिटाला जळणाऱ्या मेदाचे प्रमाण मध्यम श्रमाला, म्हणजे तुटक बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीला, साधारणपणे सर्वाधिक असते आणि त्यापलीकडे पुन्हा घटते. दोलक सरांच्या साडेचारशे किलोकॅलरींपैकी निम्म्या मेदातून आल्या असे धरले, तर मेद एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी देत असल्याने २५ ग्रॅम मेद जळला. गडावरच्या दोन प्लेट कांदाभज्यांतले तेल तेवढे सहज असेल. वजनाचा निकाल लागतो तो दिवसाच्या आणि आठवड्याच्या जमाखर्चावर. चढताना कोणते इंधन जळले याला त्यात फारसे महत्त्व नाही. (भजी खाऊ नका असे मी म्हणणार नाही. दह्याच्या मडक्याबद्दल तर मुळीच नाही.)

आणखी एक गोष्ट अनेकांना नवी वाटते. जळलेली चरबी शरीराबाहेर जाते ती मुख्यतः श्वासावाटे, कार्बन डायऑक्साइड होऊन. उरलेली पाणी होऊन. चढून आल्यावर वजनकाट्यावर जो किलोभर फरक दिसतो तो जवळजवळ सगळा घामाचा असतो आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर भरून निघतो.

बोनसरेषा

ताई, मी शालेय आणि जिल्हा पातळीवर कबड्डी खेळलो आहे. आपल्या लेखामुळे एक जुना प्रश्न पुन्हा आठवला. चढाई ३० सेकंदांची, आणि ‘कबड्डी’चा उच्चार तुटता कामा नये, आमचे प्रशिक्षक तर एका दमात परत येण्याचाच आग्रह धरत. श्वास घेतलाच नाही तर एवढी झटापट करण्याची ताकद येते कुठून? आणि दुसरे म्हणजे, लागोपाठ दोन चढाया केल्या की दुसरीत पाय उचलत नसत, पण मधे तीन-चार मिनिटे मिळाली तर पहिल्यासारखाच जोर येई. हे मनाचे खेळ होते की शरीराचे?

गडवाट

शरीराचेच, आणि आपला अनुभव पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून घालावा इतका चपखल आहे. झेप, वळण, पाय सोडवून घेणे ही सगळी कामे काही सेकंदांची असतात आणि ती मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेटवर होतात. त्याचा साठा एटीपीच्या तीन-चार पट असतो आणि पूर्ण जोर लावला तर दहा सेकंदांच्या आसपास तो बराचसा उतरतो. सोबतीला ग्लायकोजेनचे अर्धवट विघटन पहिल्या सेकंदांतच वेग घेते. या दोन्ही मार्गांना त्या क्षणी आत घेतलेल्या श्वासाची गरज नाही. शिवाय रक्तात आणि स्नायूत आधीच असलेला ऑक्सिजन वापरला जातच असतो. श्वास रोखल्यावर जो जीव घाबरा होतो तो आधी ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे.

तीन-चार मिनिटांचे उत्तरही येथेच आहे. उतरलेले क्रिएटिन फॉस्फेट सुमारे अर्ध्या मिनिटात निम्मे भरून येते आणि पुरते भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. ते भरण्यासाठी मात्र ऑक्सिजन लागतो. स्नायूचा रक्तपुरवठा पट्टा आवळून थांबवला तर ते भरतच नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे चढाई ऑक्सिजनवाचून केली तरी तिचे देणे नंतर ऑक्सिजननेच फेडावे लागते, आणि ज्याची दीर्घकाळ धावण्याची क्षमता चांगली त्याचे देणे लवकर फिटते. चढाईपटूंना लांब पल्ल्याचे धावणे कशाला, असे विचारणाऱ्यांना हे सांगता येईल.

क्रिएटिन फॉस्फेटच्या शोधात आपल्याकडच्या एका माणसाचा हात आहे, म्हणून थोडे विषयाच्या कडेने जाते. १८९५ साली भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर रक्त आणि स्नायूंतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवत होते. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ती पद्धत आम्ही विद्यार्थ्यांकडून प्रयोगशाळेत करून घेत असू. द्रावणाला निळा रंग चढतो आणि त्याच्या गडदपणावरून फॉस्फेटचे प्रमाण कळते. स्नायूच्या अर्कात मात्र हा रंग अपेक्षेपेक्षा रेंगाळत चढत होता. दुसऱ्या कोणी तो प्रयोगातील दोष मानला असता. या दोघांनी त्यामागे आम्लात हळूहळू मोडणारे एक फॉस्फरसयुक्त संयुग आहे हे ओळखले आणि १९२७ साली क्रिएटिन फॉस्फेट जगापुढे आले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगलटन दांपत्यालाही स्नायूत असाच अस्थिर फॉस्फेट सापडला होता. पुढे फिस्के आणि सुब्बाराव यांनी एटीपीही वेगळे काढले, जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते १९२९ साली स्वतंत्रपणे शोधले. सुब्बारावांचे नाव आपल्या शालेय पुस्तकांत याहून ठळक असायला हवे होते, असे मला नेहमी वाटते.

चढउतार

म्हणजे दम लागला की शरीर ऑक्सिजनवाचून काम करत आहे, हेही चूकच म्हणायचे?

गडवाट

उलट आहे. धाप लागणे म्हणजे ऑक्सिजनचा मार्ग जोरात चालला असल्याची खूण. पूर्ण जोराच्या श्रमात सव्वा मिनिटाच्या आसपासच ऑक्सिजनचा मार्ग आणि ऑक्सिजनवाचूनचे मार्ग यांचा वाटा जवळपास सारखा होतो आणि पुढे ऑक्सिजनचे पारडे जड होत जाते. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक मिळवले. अडथळे आणि पाण्यावरच्या उड्या पाहून ती स्फोटक ताकदीची शर्यत वाटते, पण आठ मिनिटांच्या या प्रकारात बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गानेच येते. अखेरच्या फेरीतला झपाटा तेवढा त्यावर चढवलेला असतो.

पेडर_रोड_नको

मुंबई मॅरेथॉन पूर्ण अंतराची दोनदा धावलो. पहिल्या वेळी तिशी ओलांडल्यावर, म्हणजे तिसाव्या किलोमीटरनंतर, कोणीतरी वीजच बंद केल्यासारखे झाले. पाय दुखत नव्हते, धापही नव्हती, फक्त पुढे जावेसे वाटत नव्हते आणि पेडर रोडचा चढ पाहून रडू आले. पोटावर चरबी तर पुष्कळ होती! मग इंधन संपले असे कसे म्हणायचे?

गडवाट

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण येथे उलटी होते. आड काठोकाठ भरलेला असतो, पण पोहरा लहान पडतो. दहा किलो मेद म्हणजे जवळपास ९०,००० किलोकॅलरी. त्यावर कित्येक मॅरेथॉन धावता येतील. परंतु मेदपेशींतून मेदाम्ले सुटून, रक्तातून वाहत, स्नायूच्या तंतुकणिकांत शिरून जळण्याचा वेग मर्यादित आहे. शर्यतीच्या वेगाला तो पुरत नाही आणि उरलेली गरज ग्लायकोजेन भागवते. ते असते किती? स्नायूंमध्ये ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार किलोकॅलरी. धावण्याचा खर्च दर किलोमीटरला दर किलो वजनामागे सुमारे १ किलोकॅलरी धरला, तर ७० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरना जवळपास ३,००० लागतात. सुरुवातीला जोशात वेग जास्त ठेवला की साखरेचा वाटा वाढतो आणि तिशीत खडखडाट होतो.

त्यात आणखी एक पेच आहे. स्नायू स्वतःचे ग्लायकोजेन रक्तात परत सोडू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नसते. ते काम यकृत करते, आणि यकृताचा साठा आटला की रक्तातील साखर उतरते आणि मेंदूची उपासमार सुरू होते. तुमचे ते ‘पुढे जावेसे न वाटणे’ बहुधा तेच. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा कोलमडलेल्यांची साखर फार उतरलेली आढळली होती. पुढच्या वर्षी त्यांना वाटेत साखरेच्या गोळ्या खायला दिल्या आणि फरक दिसला.

साठा वाढवताही येतो. १९६६ साली स्वीडनमध्ये बेर्गस्ट्रॉम आणि हुल्टमान यांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच पायाने सायकल चालवून तो पाय थकवला, दुसरा विश्रांतीत ठेवला, मग काही दिवस पिष्टमय आहार घेतला आणि दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे सुईने काढलेले नमुने तपासले. दमवलेल्या पायात ग्लायकोजेन दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाले होते. रक्त तेच, जेवण तेच, फरक फक्त राबलेल्या पायाचा.

पेडर_रोड_नको

दुसऱ्या वेळी दर अर्ध्या तासाला खजूर आणि लिंबूसाखरेचे पाणी घेत गेलो आणि पहिले दहा किलोमीटर मुद्दाम सावकाश धावलो. पेडर रोडला रडलो नाही, एवढे सांगतो.

कारल्याचा_रस

माझी आई ६८ वर्षांची आहे आणि इन्सुलिन घेते. जेवणानंतर चालल्यावर तिची साखर चांगली उतरते, पण एकदा पर्वती चढून आल्यावर हातपाय थरथरू लागले. इन्सुलिनशिवाय साखर पेशीत जात नाही ना? मग व्यायामाने ती उतरते कशी?

गडवाट

आखडणारा स्नायू रक्तातील ग्लुकोज इन्सुलिनवाचूनही आत घेऊ शकतो. ग्लुकोजला आत नेणारे वाहक रेणू पेशीच्या आत असतात. त्यांना पृष्ठभागावर आणण्याचे काम इन्सुलिन करते, तसेच स्नायूचे आकुंचनही करते. म्हणूनच मधुमेहात चालण्याचा गुण येतो. बाहेरून घेतलेले इन्सुलिन आणि चढण यांची गाठ पडली की दोन्ही बाजूंनी साखर ओढली जाते आणि यकृताला ती पुरवणे जमत नाही. शिवाय रिकामे झालेले ग्लायकोजेन भरण्यासाठी स्नायू पुढे कित्येक तास साखर ओढत राहतो, त्यामुळे संध्याकाळच्या श्रमाचा परिणाम रात्री झोपेतही दिसू शकतो. चढण्यापूर्वी आणि नंतर साखर मोजणे, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवणे आणि मात्रेबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारणे, एवढे जरूर करावे. मात्रा आपल्या मनाने बदलू नये.

दोलक

लॅक्टिक आम्लाचा निकाल अजून लागलेला नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात, त्याचे काय?

गडवाट

ते राहिलेच. लॅक्टिक आम्लावर संशय येण्याला इतिहास आहे. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचा स्नायू थकेपर्यंत आखडवला की त्यात लॅक्टिक आम्ल साठते हे दाखवले, आणि हिल व मायरहोफ यांना १९२२ चे नोबेल मिळाले तेव्हा स्नायूच्या कामामागे हेच आम्ल आहे अशी समजूत होती. १९३० साली डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी ते तयारच होऊ नये म्हणून स्नायूला आयोडोॲसिटेटचे विष दिले. स्नायू तरीही आखडला, क्रिएटिन फॉस्फेट संपेपर्यंत आखडत राहिला! आज आपण लॅक्टेटला, म्हणजे हे आम्ल शरीरात ज्या रूपात असते त्याला, कचरा न मानता इंधन मानतो: हृदयाचा स्नायू ते आवडीने जाळतो आणि यकृत त्याची पुन्हा साखर करते. चढून वर पोहोचल्यावर तासाभरात रक्तातील लॅक्टेट मूळ पातळीला येते, आणि धपकन बसण्याऐवजी गडावरच्या देवटाक्यापर्यंत हळूहळू चालत गेले तर त्याहून लवकर. जे तासाभरात गेले ते दुसऱ्या दिवशी मांड्या कशा दुखवील?

दुखणे चढण्याचे नाही, उतरण्याचे आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडण्याचा प्रयत्न करत असतो आणि शरीराचे वजन त्याला ताणत असते. या ओढाताणीत तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि एक-दोन दिवसांनी वेदना शिगेला पोहोचते. ऊर्जा मात्र यात कमी लागते. १९५२ साली इंग्लंडमध्ये दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचे आणि दुसऱ्याने फक्त विरोध करायचा. दोघांचे बळ सारखे, पण विरोध करणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. दरवाजातून खाली निघालेली माणसे गप्पा मारत उतरतात आणि सोमवारी कार्यालयाचा जिना कठड्याला धरून उतरतात, ते यामुळे.

दोलक

मग दर रविवारी उतरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मांड्या का दुखत नाहीत?

गडवाट

एकदा झालेल्या इजेनंतर स्नायू अशी तजवीज करतो की तशाच उतरणीने पुढचे काही आठवडे तेवढे दुखत नाही. खंड मोठा पडला की ती तजवीज विरते. यंदा जुलैत वाट निसरडी म्हणून मी सहा आठवडे गेले नाही. ऑगस्टअखेरीस पुन्हा सुरुवात केली तेव्हा मंगळवारपर्यंत पाटावर बसता येत नव्हते, त्याच्या पुढच्या रविवारी मात्र काहीच झाले नाही.